सागाचं दुबेळकं, पानसोट आणि वाकडं खोड: कुठे हात लावायचा आणि कुठे नाही

सागाच्या झाडाची किंमत बुंध्यापासून पहिल्या दुबेळक्यापर्यंत, म्हणजे खोड दोन फांद्यांत फुटतं तिथपर्यंत, असते. त्याच्या वरचं बहुतेक जळणात आणि बल्ल्यांत जातं. दोन मीटरवर दुबेळकं झालेलं वीस वर्षांचं झाड घेराने कितीही भरलेलं असो, त्यातून दाराच्या चौकटीला पुरेल असा एखादाच तुकडा निघतो. जीव हळहळतो तो एवढ्यासाठी, की हेच दुबेळकं दुसऱ्या वर्षी बोटाएवढ्या दोन कोंबांचं होतं आणि सिकेटरच्या (छाटणीच्या कात्रीच्या) एका दाबात मिटलं असतं. सागाच्या खालच्या सहा-सात मीटरचा निकाल पहिल्या पाच-सहा वर्षांत लागतो. त्यानंतर करवत घेऊन जे करतो ती डागडुजी असते.

दुबेळकं मुळात होतं कसं

सागाची पानं समोरासमोर येतात. एका पेऱ्यावर दोन पानं, आणि पुढच्या पेऱ्यावरची जोडी आधीच्या जोडीला आडवी. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. शेंडा जिवंत आहे तोवर त्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा मेला की दाब सुटतो आणि लगेच खालच्या पेऱ्यावरचे दोन्ही डोळे एकाच वेळी, सारख्याच जोराने उठतात. पानं एकाआड एक असणाऱ्या झाडांत वरचा एक डोळा पुढे निघून जातो आणि नवा शेंडा आपोआप ठरतो. सागात तो ठरत नाही. दोघं भाऊ बरोबरीने वाढतात आणि बेचकं तयार होतं. म्हणून सागात शेंडा मोडणं ही इतर झाडांपेक्षा जास्त महागात पडणारी गोष्ट आहे.

शेंडा जाण्याची पहिली मोठी वेळ म्हणजे जून-जुलै. पहिल्या पावसावर कोवळी पालवी फुटते आणि तिच्यावर पानं खाणारी अळी येते. ही अळी मुख्य शिरा तेवढ्या ठेवून सगळं पान फस्त करते आणि लहान झाडांत शेंड्याचा कोंबही खाते. पावसाळा सरता सरता जी दुसरी अळी जून पानांची जाळी करते, ती वाढ कमी करते. पण शेंड्याला तिच्यापासून फारसा धोका नसतो. म्हणजे फवारणीचा खर्च एकदाच परवडणार असेल तर तो पालवीच्या वेळी, तीन-चार वर्षांपर्यंतच्या झाडांवर करा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी हे जिवाणूजन्य औषध अळी लहान असताना, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं मारायचं. दिवसा उन्हात ते लवकर निकामी होतं आणि मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरं कारण फुलोरा, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. सागाचा फुलोरा फांदीच्या टोकाला येतो. मुख्य शेंड्यावर फुलोरा आला की तो शेंडा तिथेच संपला. फळं गळल्यावर दांडा वाळतो आणि खालचे दोन डोळे पुढे सरकतात. झाड पहिल्यांदा ज्या उंचीवर फुललं, साधारण तिथेच सरळ खोड संपतं. लवकर फुलण्याची सवय बियाण्यातून पुढे येते. म्हणून बी गोळा करताना खाली वाकलेल्या, हाताला सहज लागणाऱ्या झाडाचं घेऊ नका. बी सोपं मिळतं ते नेमकं अशाच आखूड खोडाच्या, लवकर फुललेल्या झाडांचं. रोपवाटिकेतून सागजड्या (लावणीसाठी मुळासकट कापलेले खोडाचे तुकडे) घेतानाही बी कुठल्या झाडांचं आहे, हे भाव विचारण्याआधी विचारावं.

बाकी कारणं वाऱ्याने मोडणं, गुरांनी अंग घासणं, उशिरा लावलेल्या रोपाचा शेंडा हिवाळ्यात वाळणं आणि वणवा. गुरं सागाचा पाला सहसा खात नाहीत. पण पायाखाली तुडवून आणि अंग घासून मोडतात.

दुबेळक्याला हात कसा लावायचा

आधी बेचकं जवळून बघा. दोन फांद्यांमधला कोन मोकळा, इंग्रजी यू अक्षरासारखा असेल आणि मध्ये सालीची उंचवटा आलेली कड दिसत असेल, तर तो सांधा मजबूत आहे. कोन अरुंद असेल, दोन्ही फांद्यांची साल एकमेकींत दुमडून आत गेलेली असेल आणि त्या फटीत पाणी, माती, मुंग्या असतील, तर तिथे लाकूड लाकडाला जोडलेलंच नाही. मध्ये नुसती साल आहे. वादळात झाड फाटतं ते इथूनच, आणि चीर बुंध्यापर्यंत उतरते.

दोन्ही कोंब अंगठ्याहून बारीक असतील तर निर्णय सोपा आहे. खालच्या खोडाच्या सरळ रेषेत असलेला कोंब ठेवा, दुसरा बुडापासून कापा. दोन्ही सारखेच वाटत असतील तर वारा येतो त्या बाजूचा ठेवा, म्हणजे वारा त्याला सांध्यावर दाबतो, सांध्यापासून ओढून काढत नाही. कापलेल्या जागेपासून थोडा बाक राहील. दोन-तीन वर्षांच्या जाडीत तो भरून जातो.

कोंब मनगटाएवढे झाले असतील तर एकदम बुडापासून कापू नका. मोठा घाव पडतो, एका बाजूचा अर्धा पाला जातो आणि घावाभोवती पानसोटांचं, म्हणजे सालीतून निघणाऱ्या उभ्या फुटव्यांचं, रान माजतं. नको असलेल्या फांदीची निम्मी लांबी एका जोडफांदीच्या थोडं वर कापा. तिची वाढ मंदावते, दुसरी पुढे जाते. पुढच्या उन्हाळ्यात, जाडीतला फरक डोळ्यांना दिसू लागला की उरलेली बुडापासून काढा.

दोन्ही फांद्या दहा सेंटिमीटरच्या वर गेल्या असतील तर सोडून द्या. इतक्या मोठ्या घावातून कूज गाभ्यात उतरते आणि चांगला खालचा तुकडाही हातचा जातो. दुबेळकं सहा-सात मीटरच्या वर असेल तर ते दोष मानूच नका, त्याच्या खाली पुरेसा ओंडका आहे. तीन मीटरच्या खाली असेल तर झाडाला रंगाची खूण करून ठेवा. विरळणीत, म्हणजे दाटी कमी करायला झाडं काढताना, पहिलं तेच जाईल.

पानसोट हे आजाराचं लक्षण आहे

संत्र्याच्या बागेत ज्यांना पानसोट म्हणतात तेच सागाच्या खोडावर येतात: सालीतून सरळ उभे, मोठ्या पानांचे, रसरशीत फुटवे. ते येतात ते सालीखाली झोपलेल्या डोळ्यांतून. रोप लहान असताना प्रत्येक पेऱ्यावर जे डोळे होते, त्यातले काही खोड जाड होत असताना त्याच्याबरोबर बाहेरच्या अंगाला सरकत राहतात आणि वर्षानुवर्षं सालीखाली जिवंत राहतात. शेंड्याकडून येणारा दाब कमी झाला, किंवा खोडावर अचानक ऊन पडलं, की ते जागे होतात.

म्हणून पानसोट कापण्याआधी वर बघा. शेंडा वाळतोय का, माथ्यावर बांडगूळ आहे का, अळीने पाला खाल्लाय का? खाली बघा: बुंध्याला वणव्याची काळी जखम आहे का, पावसाळ्यात मुळाशी पाणी साचतं का? भारी काळ्या जमिनीत, जिथे पाणी हटत नाही, तिथे सागाची मुळं गुदमरतात आणि माथा खंगायला लागतो. झाड पाला भरून काढायला खोडावर फुटवे काढतं. अशा झाडाचे पानसोट काढले तर पुढच्या पावसात दुप्पट येतील. तिथे आधी चर खोदून पाणी काढा. चर उताराच्या दिशेने, ओळीपासून हातभर लांब ठेवून काढायचा, म्हणजे मुळं कमी तुटतात.

सगळ्यात जास्त पानसोट येतात उशिरा आणि एकदम केलेल्या विरळणीनंतर. दाट रोपवनात दहा-बारा वर्षं दबून वाढलेलं झाड काठीसारखं असतं, माथा मूठभर. त्याच्या भोवतीची झाडं एकदम काढली की खोडावर ऊन पडतं आणि बुंध्यापासून वरपर्यंत फुटवे निघतात. माथा भरलेल्या, पुढे गेलेल्या झाडांवर ते कमी येतात. म्हणून राखायची झाडं निवडताना दबलेलं पण सरळ झाड पाहून भुलू नका.

पानसोट काढायची खरी वेळ जून-जुलै, फुटवा हातभर व्हायच्या आत. तेव्हा तो बोटाने बुडाशी बाजूला दाबला की डोळ्यासकट सुटून येतो. कोवळा फुटवा चौकोनी असतो आणि त्याचं पान चुरडलं की हात लाल होतात. तो लाल रंग दिसतोय म्हणजे तुम्ही वेळेवर आला आहात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक फेरी मारा. हिवाळ्यापर्यंत ठेवला तर तो लाकडाळ होतो, तुटताना साल ओढतो किंवा मागे खुंटी ठेवतो, आणि त्या खुंटीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यांतून पुढच्या वर्षी एकाच्या जागी चार येतात. कोयत्याने वरवर सपासप छाटलेल्या रोपवनात खोडावर जी गाठीगाठींची रांग दिसते, ती याच कामाची निशाणी.

फांद्यांची छाटणी: किती, कधी, कशी

फांदी खोडाच्या आत गाभ्यापर्यंत जाते. जिवंत फांदीभोवती लाकूड वाढत गेलं तर घट्ट गाठ बनते. फांदी मेली आणि तशीच लोंबत राहिली तर खोड तिच्याभोवती वाढतं, पण तिला जोडलं जात नाही. फळी कापल्यावर ही काळी गाठ खुळखुळते आणि कधी गळून आरपार भोक पडतं. छाटणीचा हेतू इतकाच, की सगळ्या गाठी खोडाच्या मधल्या दहा-बारा सेंटिमीटरमध्ये अडकून राहाव्यात आणि त्याभोवतीचं पुढचं सगळं लाकूड स्वच्छ भरावं. हे साधायचं तर खोड आठ-दहा सेंटिमीटर जाडीचं असतानाच फांद्या निघाल्या पाहिजेत. वीस सेंटिमीटरच्या खोडावर केलेली छाटणी दिसायला छान दिसते, पण आतली फळी गाठीची ती गाठीचीच.

झाड चार-पाच मीटर उंच झालं की खालचे दोन ते अडीच मीटर साफ करा. नऊ-दहा मीटर झालं की चार-पाच मीटरपर्यंत. बारा मीटरच्या आसपास सहा मीटरपर्यंत. त्याच्या वर जाऊ नका. जोखीम जास्त आणि मिळकत थोडी. दर वेळी खाली कितीही मोह झाला तरी झाडाच्या उंचीचा निदान निम्मा भाग पाल्याचा राहिला पाहिजे. एका खेपेत एक तृतीयांशाहून जास्त पाला काढला तर वाढ खुंटते, खोडावर पानसोट येतात आणि कोवळ्या सालीला दुपारचं ऊन लागून ती तडकते.

वेळ मार्च-एप्रिल. पानं गळलेली असतात, फांद्या मोजता येतात, हवा कोरडी असते आणि पाऊस लागताच घाव भरायला सुरुवात होते. भर पावसात छाटू नका, ओल्या घावावर बुरशी बसते.

हत्यार म्हणजे वाकड्या पात्याची छाटणीची करवत, बोटाएवढ्या फांद्यांना सिकेटर, आणि उंचीवर बांबूला घट्ट बांधलेली करवत. कुऱ्हाड आणि कोयता घरी ठेवा. एक घाव चुकला की खोडाची साल जाते.

फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर कडं असतं. ते कडं खोडाचं आहे, फांदीचं नाही. घाव भरणारं लाकूड तिथूनच येतं. कापायचं ते कड्याच्या लगेच बाहेर. कड्यासकट खोडाला घासून कापलं तर घाव दुप्पट मोठा होतो आणि भरायला वर्षं लागतात. उलट चार बोटं खुंटी सोडली तर ती वाळते, कुजते आणि कूज आत नेते.

जाड फांदी तीन कापांत उतरवा. पहिला काप खोडापासून वीतभर लांब, खालच्या बाजूने, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खोल. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं बाहेर, वरून, फांदी तुटून पडेपर्यंत. तिसरा काप उरलेल्या खुंटीचा, कड्याच्या बाहेर, खुंटी हाताने धरून. पहिला काप विसरला की फांदी पडताना स्वतःच्या वजनाने खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. ही जखम सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात सहज टळते.

तीन सेंटिमीटरच्या आतल्या घावाला काही लावायची गरज नाही, निरोगी झाडावर तो एक-दोन पावसाळ्यांत भरतो. डांबर किंवा ऑइल पेंटने घाव लवकर भरत नाही. पाच सेंटिमीटरहून मोठा घाव करावाच लागला तर ताजी बोर्डोपेस्ट लावा: एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत कालवून मग एकत्र. लोखंडी बादली नको, मोरचूद ती खातो. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

बांधावरच्या सागाला हे सगळं अधिक लागू पडतं. रोपवनात शेजारच्या झाडांची सावली खालच्या फांद्या आपोआप मारते. बांधावर चारी बाजूंनी ऊन असतं, खालच्या फांद्या मरत नाहीत, मांडीएवढ्या होतात, झाड लवकर फुलतं आणि खोड आखूड राहतं. तिथे पहिल्या चार वर्षांत दर उन्हाळ्यात एक फेरी हवीच. भरपूर पाणी आणि युरिया देऊन वाढवलेल्या झाडांचं आणखी एक होतं: पानं सुपाएवढी, खोड लवचीक, आणि पावसाळी वाऱ्यात झाड धनुष्यासारखं वाकतं. अशा वेळी शेंड्याची दोन-तीन जोड्या पानं ठेवून मधल्या मोठ्या पानांचे अर्धे तुकडे कापून वजन कमी करा, आणि बांबूला सुतळीने सैल आठच्या आकड्यात बांधा. हंगाम संपला की बांबू काढा. कायम टेकून वाढलेलं खोड स्वतःच्या पायावर जाड होत नाही.

वाकडं रोप: बुडापासून कापून नव्याने

एक-दोन वर्षांचं रोप वेडंवाकडं, दोन-तीन ठिकाणी मोडलेलं किंवा वणव्यात होरपळलेलं असेल तर त्याच्याशी झगडत बसू नका. मे महिन्यात, पावसाच्या आधी, जमिनीपासून दोन-तीन बोटांवर धारदार हत्याराने तिरकं कापा. खाली मुळं तयार असतात, त्यामुळे पहिल्या पावसावर येणारा नवा कोंब सरळ आणि जोमाचा असतो; चांगल्या जमिनीत एका पावसाळ्यात माणसाच्या उंचीला जातो. कोंब वीतभर झाले की जमिनीलगतचा एक सरळ ठेवून बाकीचे मोडा. महिन्याने पुन्हा बघा, कारण झाड ऐकत नाही, पुन्हा फुटवे काढतं.

तोडलेल्या मोठ्या झाडाच्या खुंटावरून झाड घ्यायचं असेल तर खुंट पंधरा सेंटिमीटरहून उंच ठेवू नका. माथा तिरका आणि गुळगुळीत ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. उंच खुंटाच्या वरच्या कडेला आलेला फुटवा सालीला चिकटलेला असतो; खुंट कुजला की वाऱ्यात तो उपटून पडतो. जमिनीजवळचा फुटवा पुढे स्वतःची मुळंही धरतो. पहिल्या वर्षाअखेर दोन फुटवे राखा, दुसऱ्या वर्षाअखेर त्यातला एक. पहिल्याच महिन्यात एकच ठेवला आणि तो वाऱ्याने गेला, तर वर्ष वाया.

बांडगूळ

बांडगूळ बसलं की फांदीला तिथे गाठ येते, पुढचा भाग वाळतो आणि खाली पानसोट फुटतात. फुलटोच्या पक्षी फळं खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतो. नुसतं बांडगूळ ओढून काढलं तर फांदीत रुतलेल्या मुळांतून ते पुन्हा येतं. फांदीवरून सरपटत गेलेले त्याचे दोर कुठपर्यंत आलेत ते पाहा आणि शेवटच्या सांध्याच्या निदान एक फूट खालून फांदी कापा. मुख्य खोडावर असेल तर खोड कापता येत नाही. फळं धरण्याआधी दर वर्षी तासून काढत राहणं एवढंच हातात उरतं.

पन्हळी खोड

काही सागांच्या बुंध्याला उभ्या खोल पन्हळी पडतात. हे काही प्रमाणात बियाण्यातून येतं, काही जमिनीतून, आणि एकदा आलं की छाटणीने जात नाही. हिशेबात मात्र धरावं. आपल्याकडे ओंडका चौथाई घेराने मोजतात: मध्यावरचा घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. शंभर सेंटिमीटर घेराचा तीन मीटर ओंडका ०.१८७५ घनमीटर भरतो. टेप पन्हळीत उतरत नाही, वरून ताणली जाते. म्हणून पन्हळी ओंडका कागदावर गोल ओंडक्याइतकाच दिसतो आणि करवतीखाली कमी भरतो. घेणारा ते जाणून भाव पाडतो. विकणाऱ्यानेही ते जाणून असलेलं बरं, म्हणजे किती पाडला ते कळतं.

विरळणीची खूण

दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी २५०० म्हणजे एकरी साधारण हजार झाडं बसतात. चांगल्या जमिनीत पाचव्या वर्षाच्या सुमारास फांद्या एकमेकींत शिरतात, तेव्हा पहिली विरळणी करून झाडं निम्म्यावर आणा. आधी खालचं दुबेळकं, मग फाटका सांधा, मग पानसोटांनी भरलेली, मग बाक असलेली, शेवटी दबलेली. जवळजवळची दोन्ही झाडं वाईट असली तरी दोन्ही एकदम काढू नका. मोठी खिडकी पडली की शेजारच्या चांगल्या झाडाच्या खोडावर ऊन पडेल आणि तिथे फुटवे येतील. एक आज, दुसरं तीन वर्षांनी.

साग स्वतःच्या जमिनीवरचा असला तरी महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली तो अनुसूचित वृक्ष आहे. झाड तोडायच्या आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि माल हलवायचा असेल तर वाहतूक परवान्याचंही तेव्हाच विचारा. खुणा हिवाळ्यात करून ठेवा, झाडावर पाला असताना. माथा कोणाचा भरलाय आणि कोणाचा नाही, हे उन्हाळ्यातल्या निष्पर्ण झाडावर कळत नाही.